काळ्या आजारावर मात करणारे डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी

भारतीय वैद्यकशास्त्राच्या इतिहासात सर उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांचे नाव आदराने घेतले जाते. मात्र बंगाल, आसाम आणि बिहारच्या बाहेर ते जेवढे परिचित असायला हवे तेवढे नाही. ६ फेब्रुवारी १९४६ रोजी त्यांचे निधन झाले. लाखो रुग्णांना मृत्यूच्या दारातून परत आणणारे 'युरिया स्टिबामाइन' हे औषध त्यांनी कोलकात्यातील एका रुग्णालयाच्या लहानशा खोलीत तयार केले, तेव्हा त्या खोलीत विजेचा दिवादेखील नव्हता.

ज्या रोगाशी त्यांनी आयुष्यभर झुंज दिली त्याचे नाव 'काला आजार'. मराठी वाचकाला या नावाचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही. दीर्घकाळ टिकणारा ताप, पोटात वाढत जाणारी प्लीहा, रक्तक्षय, खंगत जाणारे शरीर आणि काळवंडणारी त्वचा अशी त्याची लक्षणे. उपचार न मिळालेले बहुतेक सर्व रुग्ण दगावत. १८२४-२५ च्या सुमारास जेसोर भागात आलेल्या साथीची नोंद आढळते. पुढे बरद्वान जिल्ह्यात तापाने गावेच्या गावे ओस पाडली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा रोग ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात शिरला. आसामच्या नौगाव जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ ते १९०१ या दशकात सुमारे एक चतुर्थांशाने घटली. रोगी असलेल्या घरांपासून लोक दूर पळत, वस्त्या सोडून देत.

हा रोग नेमका कशामुळे होतो, याविषयी वैद्यकीय जगात दीर्घकाळ गोंधळ होता. हिवतापाचा प्रसार डासांमुळे होतो हे सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस १८९८ मध्ये आसामात गेले आणि काला आजार हा हिवतापाचाच प्रकार असावा, असे मत देऊन परतले. अखेर १९०३ मध्ये विल्यम लीशमन आणि मद्रास येथील चार्ल्स डोनोव्हन यांनी स्वतंत्रपणे या रोगाचा परजीवी शोधून काढला. लीशमन यांना तो डमडम येथे आजारी पडून पुढे मरण पावलेल्या एका सैनिकाच्या प्लीहेत दिसला होता. दोघांचीही नावे जोडून त्या परजीवीचे 'लीशमानिया डोनोव्हानी' असे नामकरण रॉस यांनीच केले. रोगाचे कारण कळले, परंतु इलाज मात्र कोणाजवळच नव्हता.

उपेंद्रनाथांचा जन्म १९ डिसेंबर १८७३ रोजी बिहारमधील जमालपूर येथे झाला. त्यांचे वडील नीलमणी ब्रह्मचारी हे ईस्ट इंडियन रेल्वेत डॉक्टर होते. हुगळी महाविद्यालयातून गणित आणि रसायनशास्त्र हे विषय घेऊन त्यांनी १८९३ मध्ये पदवी मिळवली आणि पुढच्याच वर्षी प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून रसायनशास्त्रात एम.ए. केले. त्यानंतर ते वैद्यकाकडे वळले. १९०२ मध्ये एम.डी. आणि १९०४ मध्ये रक्तपेशींच्या विघटनावरील प्रबंधासाठी पीएच.डी. या पदव्या त्यांना कलकत्ता विद्यापीठाने दिल्या. रसायनशास्त्र आणि वैद्यक या दोन्ही विषयांत पारंगत असलेला माणूस त्या काळी विरळाच होता. पुढील संशोधनात नेमका हाच दुहेरी अभ्यास त्यांच्या कामी आला.

ढाका येथे काही वर्षे अध्यापन केल्यानंतर १९०५ मध्ये ते कलकत्त्याच्या कॅम्पबेल मेडिकल स्कूलमध्ये रुजू झाले. तेच आजचे नीलरतन सरकार वैद्यकीय महाविद्यालय. तेथे ते १९२३ पर्यंत राहिले. या संस्थेत दिवसभर विद्यार्थ्यांना शिकवावे, रुग्ण तपासावेत आणि उरलेल्या वेळात संशोधन करावे, असा त्यांचा क्रम होता. संशोधनासाठी त्यांना मिळालेल्या खोलीत ना गॅस होता, ना वीज, ना पाण्याचा नळ. रात्री रॉकेलच्या कंदिलाच्या उजेडात काम चाले. उत्तरायुष्यात मानसन्मान लाभल्यावरही उपेंद्रनाथ या खोलीला आपले तीर्थस्थान मानत असत.

काला आजाराचे निदान हा त्या काळी मोठाच जोखमीचा विषय होता. खात्री करून घ्यायची तर रुग्णाच्या प्लीहेत सुई खुपसून त्यातील द्रव सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागे. प्लीहा आधीच फुगलेली, रुग्ण अशक्त, रक्त गोठण्याची शक्ती कमी झालेली. त्यामुळे या तपासणीत आतल्या आत रक्तस्राव होण्याचे भय असे. काला आजारात रक्तातील ग्लोब्युलिन या प्रथिनाचे प्रमाण फार वाढते, हे उपेंद्रनाथांच्या ध्यानात आले. अशा रुग्णाच्या रक्तद्रवात ऊर्ध्वपातित पाणी मिसळले असता ते प्रथिन पांढुरक्या गढूळपणाच्या रूपाने वेगळे होते. १९१७ च्या सुमारास त्यांनी यावर आधारित चाचणी मांडली. ती अचूक होती असे म्हणता येणार नाही, कारण अन्य काही रोगांतही ग्लोब्युलिन वाढते. परंतु खेड्यातील दवाखान्यात, सूक्ष्मदर्शकावाचून आणि प्लीहेला हात न लावता संशयित रुग्ण निवडता येऊ लागला, हे काही थोडे नव्हते. पुढे १९२२ मध्ये नेपियर यांनी मांडलेली फॉर्मॅलिनची चाचणीही रक्तद्रवातील याच बदलावर आधारलेली होती.

उपचाराची कथा याहून बिकट. ब्राझीलमध्ये गास्पार व्हियाना यांनी लीशमानियाच्या त्वचारोगावर 'टार्टर एमेटिक' हे अँटिमनीचे संयुग वापरून पाहिले होते. १९१५ मध्ये सिसिली बेटावर आणि भारतात लिओनार्ड रॉजर्स यांनी ते काला आजारावर वापरले. रोग हटतो हे दिसले, मात्र त्यासाठी महिनोन्महिने शिरेतून इंजेक्शने घ्यावी लागत. त्यांमुळे उलट्या होत, खोकल्याची उबळ येई, हृदयावर परिणाम होई. अनेक रुग्ण उपचार अर्धवट सोडून जात, तर काही औषधानेच दगावत. घरचे कामकाज सोडून आलेल्या शेतमजुराला किंवा चहामळ्यातील कामगाराला असा उपचार परवडण्यासारखा नव्हता.

औषध योग्य आहे, परंतु ते ज्या रूपात दिले जाते ते चुकीचे आहे, असा विचार उपेंद्रनाथांनी केला. पॉल एर्लिख यांनी आर्सेनिकची सेंद्रिय संयुगे तयार करून उपदंशावर गुणकारी औषध शोधले होते. आर्सेनिक आणि अँटिमनी ही रसायनशास्त्राच्या दृष्टीने भावंडे. मग अँटिमनीचेही तसेच सेंद्रिय संयुग का करू नये? प्रारंभी त्यांनी पोटॅशियमऐवजी सोडियमचे क्षार वापरले, नंतर अँटिमनी धातूचे अतिसूक्ष्म कण द्रवात मिसळून पाहिले. ही औषधे काही प्रमाणात लागू पडली, पण समाधानकारक नव्हती. १९१९-२० च्या सुमारास इंडियन रिसर्च फंड असोसिएशनकडून त्यांना अनुदान मिळाले. स्टिबानिलिक आम्लाचे एकामागून एक क्षार ते तयार करीत गेले. क्विनाइनला युरियाची जोड दिली की इंजेक्शनची वेदना कमी होते, हे त्यांना ठाऊक होते. तोच धागा पकडून त्यांनी स्टिबानिलिक आम्लाला युरियाची जोड दिली. या संयुगातून युरिया स्टिबामाइन जन्माला आले. ऑक्टोबर १९२२ च्या 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च' मध्ये त्यांनी आठ रुग्णांवरील यशस्वी उपचारांचा अहवाल प्रसिद्ध केला. महिनोन्महिन्यांचा उपचार आता काही आठवड्यांवर आला होता.

नवे औषध सापडणे आणि ते गरजूपर्यंत पोहोचणे यांत मात्र अंतर असते. बंगाली बालसाहित्याचे लाडके लेखक सुकुमार राय यांचे १० सप्टेंबर १९२३ रोजी याच कलकत्ता शहरात काला आजाराने निधन झाले. त्यांचे वय अवघे ३५ वर्षे होते. त्यांचा अडीच वर्षांचा मुलगा म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेले चित्रपट दिग्दर्शक सत्यजित राय. युरिया स्टिबामाइनचा अहवाल प्रसिद्ध होऊन तेव्हा वर्षही उलटले नव्हते आणि त्याचा सार्वत्रिक वापर सुरू व्हायचा होता.

त्याच वर्षी शिलाँग येथील पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मेजर हेन्री शॉर्ट यांनी या औषधाची स्वतंत्र पारख केली आणि अनुकूल अभिप्राय दिला. उपेंद्रनाथांचे स्वतःचे निष्कर्ष कितीही भक्कम असले तरी अन्य संशोधकाने ते पडताळून पाहणे आवश्यक होते, आणि तसे झाले हे उत्तम झाले. त्यानंतर आसाम सरकारने गावोगावी उपचार केंद्रे उघडून औषधाचा व्यापक वापर केला. पुढील सुमारे दहा वर्षांत आसाममध्ये सव्वातीन लाखांच्या आसपास रुग्णांवर उपचार झाले. ज्या रोगात बहुतेक रुग्ण मरण पावत, त्यात मृत्यूचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास आले. चीनमधील रुग्णांवरही हे औषध वापरले गेले.

या औषधावर आक्षेप घेतले गेले नाहीत असे नाही. त्याची नेमकी रासायनिक रचना काय, यावर वाद होता. जर्मनीत तयार झालेली अँटिमनीची स्पर्धक औषधेही बाजारात होती. उपेंद्रनाथ आपल्या दाव्यांबाबत आग्रही होते आणि टीकेला सविस्तर उत्तरे देत. १९२४ मध्ये त्यांनी कॉर्नवॉलिस स्ट्रीटवरील आपल्या जागेत ब्रह्मचारी रिसर्च इन्स्टिट्यूट सुरू केली. १९२८ मध्ये काला आजारावरील त्यांचा ग्रंथ प्रकाशित झाला. सरकारी सेवेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी कारमायकेल मेडिकल कॉलेजात उष्णकटिबंधीय रोगांचे अध्यापन केले. कलकत्त्यात रक्तपेढी स्थापन करण्यातही त्यांचा पुढाकार होता. १९३४ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. १९३६ मध्ये होळकरांच्या इंदूर नगरीत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसचे ते अध्यक्ष होते. १९२९ मध्ये नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नामांकन झाले होते, परंतु ते पारितोषिक त्यांना मिळाले नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्वही त्यांच्या वाट्याला आले नाही. कलकत्त्याच्या लाउडन स्ट्रीटला मात्र पुढे त्यांचे नाव देण्यात आले.

या साऱ्या गौरवात त्यांचे आणखी एक निरीक्षण काहीसे मागे पडले. १९२२ मध्येच त्यांनी असे काही रुग्ण पाहिले, की ज्यांचा काला आजार बरा झाला होता, ताप नव्हता, प्लीहा पूर्ववत होती, परंतु त्वचेवर फिकट चट्टे आणि गाठी उमटल्या होत्या. अनेकांना हा कुष्ठरोग वाटला असता. उपेंद्रनाथांनी त्या त्वचेची तपासणी केली, तेव्हा तेथे त्यांना लीशमानियाचाच परजीवी सापडला. या विकाराला त्यांनी 'डर्मल लीशमनॉइड' असे नाव दिले.

रोगाचा प्रसार कसा होतो, हे त्यांच्या हयातीतच सिद्ध झाले. वालुमाशी हीच वाहक असावी असा संशय होता, पण प्रयोगशाळेतील माश्या दुसऱ्यांदा चावण्यापूर्वीच मरत. एकदा रक्त शोषल्यानंतर त्यांना मनुक्यांचा रस दिला असता त्या जगतात आणि परजीवीही त्यांच्या शरीरात वाढतो, असे आढळले. अखेर १९४२ मध्ये स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी आसाममधील स्वयंसेवकांवर प्रयोग करून वालुमाशीच्या चाव्यातून काला आजार होतो हे दाखवून दिले. त्यानंतर चार वर्षांनी उपेंद्रनाथांचे निधन झाले.

युरिया स्टिबामाइनची जागा पुढे सोडियम स्टिबोग्लुकोनेटने घेतली. हिवताप निर्मूलनासाठी १९५० च्या दशकात झालेल्या डीडीटी फवारणीमुळे वालुमाश्याही कमी झाल्या आणि रोग जवळजवळ दिसेनासा झाला. फवारणी थांबली आणि १९७० च्या दशकात बिहारमध्ये त्याची साथ पुन्हा उसळली. १९९० च्या दशकापर्यंत मुझफ्फरपूर परिसरातील निम्म्याहून अधिक रुग्णांवर अँटिमनीची मात्रा चालेनाशी झाली होती. मग मिल्टेफोसिन ही तोंडाने घ्यावयाची गोळी आली. २०१० मध्ये डॉ. श्याम सुंदर आणि सहकाऱ्यांनी लायपोसोमल अँफोटेरिसिन बी या औषधाच्या एकाच मात्रेने सुमारे ९५ टक्के रुग्ण बरे होतात, असे दाखवले. निदानासाठी बोटातील रक्ताचा थेंब पुरेल अशी आरके-३९ ही पट्टी उपलब्ध झाली. अर्थात बरे झाल्यानंतरही प्रतिपिंडे दीर्घकाळ रक्तात राहत असल्याने, रोग उलटला आहे की नाही हे या पट्टीवरून सांगता येत नाही.

भारत, नेपाळ आणि बांगलादेश यांनी २००५ मध्ये निर्मूलनाचा करार केला. भारतात २००७ साली सुमारे ४४ हजार ५०० रुग्णांची नोंद झाली होती. २०२३ पर्यंत ती संख्या हजाराच्याही खाली गेली. त्याच वर्षी बांगलादेशाच्या निर्मूलनाला जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिली. बिहारमध्ये झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, लक्षणे नसलेल्या बाधितांना चावून वालुमाश्या संसर्गित झाल्या नाहीत, असे दिसले. मात्र काला आजाराचे रुग्ण आणि त्वचेवर चट्टे असलेले रुग्ण यांच्यामुळे त्या संसर्गित झाल्या. हे चट्टे दुखत नाहीत, त्यामुळे ताप वा अशक्तपणा नसलेला माणूस दवाखान्यात जात नाही. म्हणूनच प्रभावित जिल्ह्यांतील आरोग्य कर्मचारी घरोघरी जाऊन तापाची चौकशी करतात, तेव्हा ज्याला पूर्वी काला आजार होऊन गेला आहे त्याच्या अंगावरील फिकट चट्टेही पाहतात. उपेंद्रनाथांनी १९२२ मध्ये नोंदवून ठेवलेले चट्टे ते हेच.