मनमाडचे फादर फेरर



या रविवारी ज्यांची ओळख करून देत आहोत ते संत नाहीत. व्हिन्सेंट फेरर नावाचे एक संत आहेत. ते स्पेनमधील व्हॅलेन्सियाचे, डॉमिनिकन संघाचे. १४१९ साली त्यांचे निधन झाले आणि त्यांचा सण ५ एप्रिलला येतो. आपले फेरर त्याच नावाचे, पण पाचशे वर्षांनंतरचे आणि येशूसंघाचे. मनमाडच्या परिसरात ज्यांनी सत्तरी ओलांडली आहे त्यांना विचारले, तर ते विहिरी खणणारे फादर म्हणून त्यांची खूण सांगतील. या माणसाला १९६८ साली भारत सोडून जाण्याचा हुकूम झाला आणि त्यासाठी शेतकरी रस्त्यावर उतरले. ही हकीकत आपल्याकडे हळूहळू विसरली जात आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

फेरर यांचा जन्म ९ एप्रिल १९२० रोजी बार्सेलोना येथे झाला. बालपणाचा काही काळ व्हॅलेन्सिया प्रांतातील गांदिया या गावी गेला. १९३६ साली स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. ज्या वयात आपली मुले बारावीच्या निकालाची वाट पाहतात त्या वयात त्यांच्या हाती बंदूक आली. एब्रो नदीच्या लढाईत ते प्रजासत्ताकाच्या बाजूने होते. ती बाजू हरली आणि पराभूत सैन्याबरोबर तेही सीमा ओलांडून फ्रान्समध्ये गेले. तेथे समुद्रकिनाऱ्यावर आर्जेलेस येथे तारेच्या कुंपणात हजारो निर्वासित कोंडलेले होते, त्यांत तेही एक. मायदेशी परत आल्यावर फ्रँकोच्या राजवटीने त्यांना पुन्हा छावणीत घातले. सरहद्द आणि शिक्का यांचा माणसाच्या आयुष्याशी काय संबंध असतो, याचा धडा त्यांना असा विशी गाठण्यापूर्वीच मिळाला.

पुढे बार्सेलोनात कायद्याचा अभ्यास सुरू झाला. तो अर्धवट सोडून १९४४ साली त्यांनी येशूसंघात प्रवेश केला आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये ते मुंबईला उतरले.

येथे थोडे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढची कथा तिच्यावर उभी आहे. परदेशी मनुष्य आपल्या देशात राहायला येतो तेव्हा त्याच्याजवळ स्वतःच्या देशाचा पासपोर्ट आणि आपल्या सरकारचा व्हिसा लागतो. दीर्घ मुक्काम असेल तर पोलिसांकडे नोंदणी करावी लागते. १९३९ चा परदेशी नागरिक नोंदणी कायदा आणि १९४६ चा परदेशी नागरिक कायदा, अशा दोन इंग्रजी अमदानीतील कायद्यांवर ही व्यवस्था कित्येक दशके चालली. बहुतेक जिल्ह्यांत नोंदणी अधिकारी म्हणजे जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक. मुक्कामाच्या परवान्याला मुदत असते. ती संपण्यापूर्वी अर्ज करायचा, कागद जोडायचे आणि वाट पाहायची. पत्ता बदलला तरी कळवायचे. परदेशी पाहुणा मुक्कामाला उतरला तर यजमानानेही २४ तासांच्या आत कळवायचे असते, आणि हा नियम चर्चच्या पाहुणचारालाही लागू आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो. १ सप्टेंबर २०२५ पासून हे जुने कायदे जाऊन त्यांच्या जागी एकच नवा कायदा आला आहे. मुदत आणि नोंद मात्र राहिलीच.

धर्मगुरूचे व्रत आयुष्यभराचे असते आणि त्याचा परवाना ठरावीक मुदतीचा. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही काळ या विषयावर पुष्कळ ऐकले होते, पण एकाच माणसाला एकाच वेळी असे दोन काळ जगावे लागतात हे तेथे कोणी शिकवले नाही.

१९५८ च्या सुमारास फादर फेरर मनमाडला आले. मनमाड म्हटले की आपल्याला रेल्वेचे जंक्शन आठवते. नांदेडकडून मुंबईला जाणाऱ्या आपल्या गाड्या तेथूनच वळतात. पण जंक्शनच्या पलीकडचा मुलूख म्हणजे पर्जन्यछायेतला माळ. मनमाड शहराची पाणीटंचाई आजही वर्तमानपत्रांत येते. तेथल्या शेतकऱ्याची अवस्था धर्मापुरीच्या, अंबाजोगाईच्या, परळीच्या माणसाला वेगळी समजावून सांगायला नको. पाऊस पडला तर बाजरी, नाही तर सावकाराचा उंबरठा. विहीर खणायची इच्छा प्रत्येकाची असते, पण खणण्याच्या दिवसांत घरात खायचे काय? मजुरी बुडवून स्वतःच्याच जमिनीत खड्डा खणणे गरिबाला परवडत नाही. खाली पाणी आहे आणि वर माणूस तहानलेला आहे. मधला दगड फोडायला लागणारे दिवस त्याच्याजवळ नाहीत.

फेरर यांनी नेमके हे दिवस शेतकऱ्याला मिळवून दिले. जो शेतकरी विहीर खणायला घेईल त्याच्या घरी खणणे चालू असेतो गहू आणि तेल पोचायचे. दानधर्म म्हणून नव्हे, कामाच्या बदल्यात. त्याला कर्जाची जोड मिळाली आणि परतफेड शेतकऱ्याच्या शब्दावर सोपवली गेली. सुरुवातीला शेतकऱ्यांना संशय आला असेल, कारण फुकटात विहीर देणारा आजवर कोणी भेटला नव्हता. मग एका गावात पाणी लागले, ते शेजारच्या गावाने पाहिले आणि काम पसरत गेले. मनमाडजवळ शाळा व दवाखानाही उभा राहिला. पण लोकांच्या मनात राहिली ती विहीर.

आमच्या मते यात शहाणपणाचा भाग असा की, त्यांनी शेतकऱ्याला काही शिकवायला घेतले नाही. विहीर कोठे घ्यावी, कशी बांधावी हे त्याला ठाऊक होते. त्याच्या घरच्या चुलीची तेवढी काळजी त्यांनी घेतली.

आता यात कोणाला काय वाईट वाटावे? वाटले. ज्यांचे गावातील वजन कर्जावर आणि मजुरीवर उभे होते त्यांना हा परका साधू परवडणारा नव्हता. शिवाय तो काळ लक्षात घेतला पाहिजे. मध्य प्रदेश सरकारने नेमलेल्या नियोगी समितीचा अहवाल १९५६ साली आला होता आणि परदेशी मिशनरी सेवेच्या आडून धर्मांतर करतात, ही शंका तेव्हापासून सरकारी कचेऱ्यांत पक्की बसली होती. शंका घेणाऱ्या प्रत्येकाला दुष्ट ठरवण्याची सवय आपण सोडली पाहिजे. दीडशे वर्षे परक्यांच्या राज्यात राहिलेल्या देशाने गोऱ्या माणसाकडे आणि त्याच्या पैशाकडे दोनदा पाहावे, यात नवल नाही. प्रश्न इतकाच की, दोनदा पाहिल्यावर समोर विहीर दिसली तर काय करायचे.

१९६८ साली फेरर यांना देश सोडण्याचा आदेश मिळाला. तेव्हा राज्यात वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते आणि केंद्रात गृहखाते यशवंतराव चव्हाणांकडे होते. कायद्याच्या दृष्टीने फेरर यांच्या हातात जवळजवळ काही नव्हते. परदेशी व्यक्तीला देशाबाहेर काढण्याचा केंद्र सरकारचा अधिकार अमर्याद आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५५ सालीच हान्स म्युलर या जर्मन गृहस्थाच्या खटल्यात ठरवले होते. जीविताचे संरक्षण राज्यघटना या भूमीवरील प्रत्येक व्यक्तीला देते, पण येथे वस्ती करून राहण्याचा हक्क फक्त नागरिकाला. सोळा वर्षे मराठी मुलखात काढलेला मनुष्य कागदावर अजून पाहुणाच होता.

मग लोक निघाले. त्यांच्या संस्थेच्या नोंदीप्रमाणे तीस हजारांहून अधिक शेतकरी आणि मनमाड ते मुंबई असा अडीचशे किलोमीटरचा मोर्चा. आपल्याकडे पंढरीची वारी असते, मोर्चे असतात, ऊसतोडीला जाणाऱ्या गाड्यांची रांग असते. पण एका परदेशी माणसाच्या परवान्यासाठी शेतकऱ्यांनी वहाणा झिजवाव्यात हे क्वचितच घडले असेल. त्यांतले बहुसंख्य ख्रिस्ती नव्हते, हे मुद्दाम नोंदवतो. वर्तमानपत्रांतून वाद झाले, इतर धर्मांचे पुढारी आणि विचारवंतही बाजूने बोलले. शेवटी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्याकडून तार आली. फादर फेरर काही दिवस सुट्टीवर परदेशी जातील आणि परत आल्यावर त्यांचे स्वागत होईल, असा तिचा आशय होता. हुकूम रद्द झाला म्हणायचे नाही आणि बजावला असेही म्हणायचे नाही. सरकारी शहाणपणाला कधीकधी दाद द्यावीशी वाटते.

सर्वांच्या नशिबी असे मोर्चे नसतात. लुई द रेड्ट हे बेल्जियमचे मिशनरी १९३७ पासून भारतात होते. ऐंशीच्या दशकात त्यांना मुदतवाढ नाकारली गेली. आपण राज्यघटना लागू होण्यापूर्वीपासून येथे राहतो, म्हणून येथलेच नागरिक आहोत, असे त्यांनी सर्वोच्च न्यायालयात मांडले. १९९१ साली निकाल विरुद्ध गेला. केवळ दीर्घकाळ राहणे पुरेसे नाही, कायमचे राहण्याचा निश्चय त्या वेळी होता हे दिसले पाहिजे, असे न्यायालयाचे म्हणणे. ते तर बेल्जियमच्या पासपोर्टवर, परवान्याची मुदत वाढवून घेत राहिले होते. नियम पाळून वेळेवर केलेले अर्जच शेवटी परकेपणाचा पुरावा झाले. कायद्याचा तर्क आम्हाला कळतो. तरीही हा निकाल वाचून होताच पुस्तक मिटवून टाकावे, असे वाटत नाही.

फेरर १९६९ मध्ये परतले, पण महाराष्ट्राचे दार त्यांना उघडले नाही. आंध्र प्रदेशाने जागा दिली आणि ते अनंतपूरला गेले. अनंतपूर म्हणजे देशातील अत्यंत कमी पावसाच्या जिल्ह्यांपैकी एक. मनमाड बरे म्हणावे असा. बरोबर मूठभर सहकारी होते.

यानंतरचा भाग सांगताना चर्चच्या आवारात आवाज जरा खाली येतो. १९७० साली त्यांनी येशूसंघ सोडला आणि त्याच वर्षी अ‍ॅन पेरी यांच्याशी विवाह केला. अ‍ॅन जन्माने इंग्रज. मुंबईत पत्रकारिता करत असताना, हद्दपारीचा वाद चालू होता त्या दिवसांत त्यांची फेरर यांच्याशी ओळख झाली होती. आम्ही स्वतः व्रतस्थ आहोत, म्हणून हे सोपे करून सांगणार नाही. दिलेले वचन मोडणे ही लहान गोष्ट नव्हे, आणि पुढे मोठे काम झाले म्हणून ती लहान होत नाही. पण या कारणाने मनमाडच्या विहिरी आपल्या इतिहासातून बुजवून टाकायच्या, हेही आम्हाला मान्य नाही. त्या वर्षांत ते येशूसंघाचेच धर्मगुरू होते आणि ते काम त्या व्रतातूनच झाले.

अनंतपूरला पतिपत्नींनी रुरल डेव्हलपमेंट ट्रस्ट ही संस्था उभारली. दलित आणि आदिवासी वस्त्यांत शाळा, पक्की घरे, बंधारे, फळबागा, अपंगांसाठी केंद्रे आणि बत्तलपल्ली येथे मोठे रुग्णालय, असे काम दशकानुदशके वाढत गेले. १९९६ साली स्पेनमध्ये त्यांच्या नावाचे प्रतिष्ठान स्थापन झाले आणि तेथील सामान्य कुटुंबांनी दरमहा थोडे थोडे पैसे पाठवून हे काम चालवले. १९९८ मध्ये स्पेनचा प्रिन्स ऑफ अस्तुरियास पुरस्कार त्यांना मिळाला. त्या वर्षीच्या मानकऱ्यांत बांगलादेशचे मुहम्मद युनूसही होते.

मार्च २००९ मध्ये त्यांना पक्षाघात झाला आणि १९ जून २००९ रोजी अनंतपूर येथे, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांना स्पेनला नेले नाही. बत्तलपल्ली येथे, जो भाग २०२२ पासून श्री सत्यसाई जिल्ह्यात येतो, त्यांचे दफन झाले आणि अंत्यदर्शनासाठी खेड्यापाड्यांतून माणसांची रीघ लागली. पुढे २०२५ साली त्यांच्या संस्थेचा परदेशी देणग्यांचा परवाना अडला, तेव्हा अनंतपूरचे लोक पुन्हा एकदा मोर्चे घेऊन रस्त्यावर आले होते.