रविवार दुपारचा ओपनर

मॅगझिनच्या संपादकांनी मराठी विभागासाठी एका थोर व्यक्तीवर लेख द्या असं सांगितलं, तेव्हा आमच्या विंगमधल्या सगळ्यांनी कलाम सर, विश्वेश्वरय्या आणि टाटा ही तीन नावं आधीच बुक करून टाकली होती. उरलं काय? म्हणून मी माझ्या आवडीचा विषय घेतला. क्रिकेटर होता, गिरणीमालक होता, आणि नंतर रेडिओवरचा आवाज झाला. विजय मर्चंट. आजच्या पोरांना हे नाव माहीत असलंच तर अंडर-सिक्स्टीनच्या विजय मर्चंट ट्रॉफीमुळे. नाहीतर मग क्विझमध्ये.

परदेशात दोन-दोन खेळ खेळणारे आणि नंतर माईकसमोर बसणारे लोक बरेच झाले. कोणी आयर्लंडकडून रग्बी युनियन खेळला, पैशासाठी रग्बी लीगमध्ये गेला आणि म्हातारपणी रेडिओवर सामने सांगू लागला. इंग्लंडचा सी. बी. फ्राय क्रिकेट आणि फुटबॉल दोन्हीत देशाकडून खेळला, लांब उडीतल्या विश्वविक्रमाची बरोबरी केली आणि पुढे रेडिओवरही बोलला. आपल्याकडे असं कमी. मर्चंट एकच खेळ खेळले, पण मैदानावरून माईककडे जाण्याची ती वाट आपल्याकडे ज्यांनी नीट मळली त्यांच्यात त्यांचं नाव वर घ्यावं लागतं.

जन्म मुंबईचा, 12 ऑक्टोबर 1911. घराणं ठाकरसी, कापड गिरण्यांचं. मग आडनाव मर्चंट कसं? असं सांगतात की शाळेत साहेबानं नाव आणि वडिलांचा धंदा विचारला, पोरगं गडबडलं, आणि धंदा तेच आडनाव म्हणून रजिस्टरवर चढलं. (आपल्याकडं एकेकाच्या मार्कशीटवर काय काय छापून येतं ते पाहता मला यात काही नवल वाटत नाही.) पुढे सिडनहॅम कॉलेजात क्रिकेटची कॅप्टनशिप केली. घरात पैसा होता, त्यामुळे खेळायला अडचण नव्हती, हे कबूल केलं पाहिजे. गरिबीतून वर आले वगैरे इथं काही नाही.

पण श्रीमंताघरच्या या पोरानं विशीत एक गोष्ट केली ती मला फार मोठी वाटते. 1932 साली भारताचा संघ पहिली कसोटी खेळायला इंग्लंडला जायचा होता. गांधीजी आणि इतर पुढारी तुरुंगात. मर्चंट यांनी निवडीलाच नकार दिला. विचार करा, देशाची पहिली कसोटी, लॉर्ड्सचं मैदान, आणि वय जेमतेम वीस. त्या कसोटीत आपल्या नागपूरच्या सी. के. नायडूंनी कॅप्टनशिप केली आणि मर्चंट मुंबईतच राहिले. पहिली कसोटी खेळायला त्यांना डिसेंबर 1933 उजाडला, बॉम्बे जिमखान्यावर. आज कॅम्पस इंटरव्ह्यू सोडून मोर्चाला जाणारा एखादा दाखवा. मीसुद्धा जाणार नाही, खोटं कशाला बोलू.

1936 च्या इंग्लंड दौऱ्यात ते गेले. कॅप्टन होते विजयनगरमचे महाराजकुमार. क्रिकेट यथातथा, पण ऐट राजाची. मँचेस्टरच्या कसोटीत दुसऱ्या डावात मर्चंट आणि मुश्ताक अली सलामीला आले. असा किस्सा सांगतात की कॅप्टननं मुश्ताकला आधीच बजावलं होतं, मर्चंटला रनआऊट कर. मुश्ताकनं मैदानात जाता जाता ते मर्चंटनाच सांगून टाकलं आणि दोघं हसत हसत खेळायला लागले. पहिल्या विकेटसाठी 203 धावा झाल्या. मुश्ताक 112, मर्चंट 114. पुढच्या वर्षी विस्डेननं मर्चंटना वर्षाच्या पाच खेळाडूंत घेतलं. वर ज्याचा उल्लेख केला त्या फ्रायला मर्चंट इतके आवडले की याला गोरा रंग लावून ऑस्ट्रेलियाला सलामीला नेऊ या, अशा अर्थाचं तो बोलून गेला. आपली पुस्तकं हे मोठ्या कौतुकानं छापतात. मला मात्र त्यातलं रंग लावणं खटकतं. माणूस आहे त्या रंगाचा चांगला खेळत होता की!

आता थोडे आकडे, कारण इंजिनिअरिंगच्या मॅगझिनमध्ये आकडे नसले तर एचओडी सर वाचणार नाहीत. प्रथम श्रेणीचे 150 सामने, 13,470 धावा, सरासरी 71.64. जगात याच्या वर भरपूर सामने खेळलेला एकच माणूस, डॉन ब्रॅडमन. रणजी करंडकात तर सरासरी 98.75. पण कसोट्या फक्त 10, त्याही सगळ्या इंग्लंडविरुद्ध, धावा 859, सरासरी 47.72. अठरा वर्षांत दहा कसोट्या! मध्ये महायुद्ध आलं, मग तब्येत. 1947-48 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी तर कॅप्टन म्हणून नाव जाहीर झालं होतं, पण आजारपणामुळे जाता आलं नाही आणि लाला अमरनाथ गेले. ब्रॅडमन आणि मर्चंट समोरासमोर कधी आलेच नाहीत. भारताकडून कसोटीत कॅप्टनशिपही त्यांना कधी मिळाली नाही.

युद्धाच्या काळात इकडे मुंबईत मात्र धमाल चालू होती. तेव्हाच्या पंचरंगी सामन्यांत धर्मावर संघ पडायचे, हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि उरलेले सगळे. सांगलीचे विजय हजारे ख्रिश्चन, म्हणून ते उरलेल्यांत. 1943 च्या अंतिम सामन्यात मर्चंटनी हिंदूंसाठी नाबाद 250 काढल्या, संघाच्या 5 बाद 581. उरलेले पहिल्या डावात 133 ला आटोपले. फॉलोऑननंतर हजारे एका टोकाला उभे राहिले आणि संघाच्या 387 मध्ये एकट्याच्या 309! तरी डावानं हरले. लगेच त्याच मोसमात मर्चंटनी महाराष्ट्राविरुद्ध रणजीत नाबाद 359 करून उत्तर दिलं. दोन विजयांची ही चढाओढ मला कुठल्याही आयपीएल फायनलपेक्षा भारी वाटते. (धर्मावरचे ते सामने 1946 नंतर बंद झाले ते एक बरं झालं.)

1946 साली पुन्हा इंग्लंड. ओला उन्हाळा, ओल्या खेळपट्ट्या, आणि तरी दौऱ्यात 2,385 धावा. ओव्हलच्या कसोटीत 128 वर खेळत असताना ते धावबाद झाले, तेही कसे? डेनिस कॉम्प्टननं चेंडू हातात न घेता पायानं मारला आणि यष्ट्या उडवल्या. कॉम्प्टन हा आर्सेनलचा पगारी फुटबॉलपटू! क्रिकेटरला फुटबॉलच्या किकवर आऊट व्हावं लागलं. गंमत म्हणजे हा कॉम्प्टनही पुढे बीबीसीच्या टीव्हीवर क्रिकेट सांगू लागला. शेवटची कसोटी दिल्लीला, नोव्हेंबर 1951. वय 40. मर्चंटनी 154 काढल्या, कारकिर्दीतला सर्वात मोठा स्कोअर. त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना झेप घेतली, खांदा दुखावला आणि खेळ संपला. शेवटच्या सामन्यात आपला सर्वात मोठा स्कोअर करून घरी जाणं कितीजणांच्या नशिबी येतं?

इथून पुढचं मला जास्त जवळचं. मर्चंट रेडिओवर आले. कसोटीचं इंग्रजी समालोचन असायचं त्यात ते तज्ज्ञ म्हणून बोलायचे. जानेवारी 1960 मध्ये ब्रेबॉर्नवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध अब्बास अली बेगनं पन्नाशी गाठली आणि एका तरुणीनं मैदानात पळत जाऊन त्याच्या गालाचा मुका घेतला. त्या काळात! सगळं स्टेडियम थक्क. माईकवर मर्चंट होते. त्यांनी शांतपणे एवढाच प्रश्न केला की मी शतकं आणि द्विशतकं ठोकत होतो तेव्हा या धाडसी मुली कुठं गेल्या होत्या. बास. साठ वर्षं उलटून गेली तरी हा विनोद अजून सांगितला जातो.

नंतर विविध भारतीवर रविवारी दुपारी 'क्रिकेट विथ विजय मर्चंट' हा कार्यक्रम लागायचा. खेळून झालेला माणूस, हातात चेंडू नाही, समोर सामना नाही, नुसतं बोलणं. आणि लोक जेवणं आटोपून ऐकायला बसायचे.

माझं गाव शेलूबाजार, तालुका मंगरूळपीर. आज वाशिम जिल्ह्यात, पण 1998 पर्यंत आम्ही अकोल्यात होतो. आता समृद्धी महामार्गाचं इंटरचेंज गावाजवळ आलं म्हणून लोकांना नाव तरी कळतं. नाहीतर नागपूर-औरंगाबाद रोडवर एसटी दहा मिनिटं थांबायची तेवढीच आमची ओळख. माझ्या आजोबांचे मोठे भाऊ, आम्ही त्यांना बडेबाबा म्हणायचो, तरुणपणीच त्यांची नजर गेली. शेतात जाणं बंद झालं. घरच्यांनी त्यांना ओसरीत रेडिओ घेऊन दिला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. सुरुवातीला नुसते स्कोअरचे आकडे आणि खेळाडूंची नावं पकडायचे. बाळ ज. पंडित मराठीतून सांगू लागले तेव्हा त्यांना सगळं मैदान मिळालं. पॉइंट कुठं, गली कुठं, फाइन लेग कुठं, हे ओसरीच्या फरशीवर बोटानं काढून दाखवायचे. टीव्ही आल्यावर घरातले सगळे आत जाऊन बसले. बडेबाबा ओसरीतच राहिले. आई म्हणते, टीव्हीवाले चित्र दाखवतात म्हणून बोलायचं विसरतात, असं ते म्हणायचे. रेडिओ होता तोवर गावातला डोळस माणूस आणि बडेबाबा सारखेच. दोघांनाही दिसत काहीच नव्हतं.

म्हणूनच पुढची गोष्ट वाचली तेव्हा मी जरा थांबलो. मर्चंट यांनी आयुष्याचा मोठा भाग अंध आणि अपंग लोकांसाठी दिला. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेचं अध्यक्षपद त्यांनी सांभाळलं. नुसत्या देणग्या देऊन मोकळे झाले नाहीत, स्वतःच्या गिरण्यांत अपंगांना कामावर घेतलं. भीक नको, काम द्या, हा त्यांचा हिशेब. मशीन शॉपमध्ये आपण जे जॉब करतो त्यातले कितीतरी हात पाहून करतात, नजर लागते ती नंतर. गिरणीमालकाला हे कळलं, आणि कळलं तसं त्यानं केलं.

आता वादाचा मुद्दा, तो टाळून कसं चालेल? मर्चंट निवड समितीचे अध्यक्ष होते. 1969 मध्ये त्यांनी नवी पोरं घ्यायचा सपाटा लावला, विश्वनाथ, सोलकर, चेतन चौहान वगैरे. विश्वनाथ कानपूरला पहिल्या डावात शून्यावर गेला आणि दुसऱ्यात 137 केल्या. मग जानेवारी 1971. वेस्ट इंडिज दौऱ्यासाठी कॅप्टन कोण? मन्सूर अली खान पतौडी की अजित वाडेकर? मतं समसमान पडली आणि अध्यक्ष मर्चंटनी आपलं निर्णायक मत वाडेकरला दिलं. लगेच कुजबुज सुरू झाली. 1946 मध्ये कॅप्टनशिप मर्चंटना न देता पतौडीच्या वडिलांना दिली होती, त्याचा वचपा मुलावर काढला म्हणे. काही म्हणाले, मुंबईवाल्यानं मुंबईवाल्याला घेतलं.

माझं मत विचाराल तर मनात काय होतं ते मनच जाणे. पण निवड समितीला दोन गोष्टी दिसायला हव्या होत्या, आणि त्या मर्चंटना दिसल्या. पतौडीच्या हाताखाली संघ बरीच वर्षं एकाच जागी अडकला होता आणि वाडेकर रणजीत मुंबईला जिंकवत होता. निकाल काय लागला ते सगळ्यांना ठाऊक आहे. वेस्ट इंडिजमध्ये 1-0, इंग्लंडमध्ये 1-0, दोन्ही पहिल्यांदाच. गावस्कर नावाचा पोरगा पहिल्याच मालिकेत 774 धावा करून आला. मत चुकलं असतं तर मर्चंटना लोकांनी जन्मभर सोडलं नसतं. जिंकले म्हणून हेतू शुद्ध ठरत नाही, हेही खरं. हॉस्टेलवर यावर रात्री दोनपर्यंत भांडण होऊ शकतं, आमच्या विंगमध्ये झालंही.

मर्चंट 27 ऑक्टोबर 1987 ला मुंबईत गेले. तेव्हा भारतात वर्ल्ड कप चालू होता. त्यानंतर चारच दिवसांनी, 31 ऑक्टोबरला, नागपूरच्या व्हीसीएच्या मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध चेतन शर्मानं हॅट्ट्रिक घेतली आणि अंगात ताप असताना गावस्करनं 88 चेंडूंत नाबाद 103 केल्या. वन-डेमधलं त्याचं ते एकमेव शतक. बडेबाबांनी ती मॅच ओसरीत रेडिओवर ऐकली, असं आई सांगते.