चौथी शिकलेल्या कमलाबाई ओगले लाखभर सुनांच्या ‘सासू’ कशा झाल्या?

शेफ व्हायचं तर आज मुळशीतल्या मुलामुलींनाही हॉटेल मॅनेजमेंटचा रस्ता माहीत असतो. कमलाबाई ओगले यांच्या तरुणपणी असा रस्ता नव्हता. १९१३ मध्ये सांगलीजवळच्या कुंडल इथे दांडेकरांच्या घरी त्यांचा जन्म झाला. शाळा चौथीपर्यंतच. लग्न होऊन त्या सांगलीला आल्या आणि सासूबाईंच्या हाताखाली स्वयंपाक शिकल्या. हेच त्यांचं कॉलेज.

१९७० मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, त्यांचं ‘रुचिरा’ आलं. पाककृतींची पुस्तकं मराठीत आधीही होती. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र’ तर १९१० सालचं. मग ‘रुचिरा’च का चाललं?

उत्तर मापात आहे. शेर-तोळे जाऊन किलो-ग्रॅम नुकतेच आले होते. एकत्र कुटुंबातून शहरातल्या दोन खोल्यांत आलेल्या नव्या सुनेकडे ना तराजू, ना शेजारी उभी राहून सांगणारी सासू. मूठभर म्हणावं, तर मूठ कुणाची? कमलाबाईंनी सरळ घरातली वाटी आणि चमचा हीच मापं धरली. सासूबाईंच्या हाताचा अंदाज असा कागदावर उतरला, आणि पहिल्यांदाच चूल सांभाळणारीचा पदार्थही बिघडेना.

पुस्तकाच्या दीड लाखांहून अधिक प्रती खपल्या. लाखभर सुनांची सासू हे बिरुद त्यांना मिळालं ते यातूनच. १९९९ मध्ये कमलाबाई गेल्या. ‘रुचिरा’ मात्र त्यानंतरही छापलं जात राहिलं.