लत्तलूरचा राजा, अरबांचा बल्हारा

लातूरच्या माणसाला गावाचं जुनं नाव विचारलं तर तो रत्नापूर म्हणतो. लत्तलूर हे नाव फार थोड्यांच्या तोंडी येतं. पण अकराशे-बाराशे वर्षांपूर्वीच्या शिलालेखांत राष्ट्रकूट घराण्याचे राजे स्वतःला मोठ्या अभिमानाने लत्तलूर नगरीचे स्वामी म्हणवून घेत होते. हे लत्तलूर म्हणजेच आपलं लातूर, असं बहुतेक अभ्यासक मानतात. राजधानी पुढे मान्यखेटला, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या मळखेडला गेली, तरी मूळ गावाचं नाव त्यांनी सोडलं नाही. पुण्या-मुंबईत तीस वर्षं राहूनही आम्ही लातूरचे म्हणणारी माणसं आपण पाहतोच की.

या घराण्यात सर्वात जास्त काळ राज्य केलं ते पहिल्या अमोघवर्षाने. त्याचं दुसरं नाव नृपतुंग. धर्म कसे पसरतात आणि कसे ओसरतात, याची चर्चा आजकाल चौकाचौकात होते आणि ती बहुतेक वेळा तलवारीपाशी येऊन थांबते. म्हणून आम्ही आज या राजाची गोष्ट सांगायला घेतली. त्याच्या राज्यात एक धर्म भरात होता, एक मावळत होता आणि एक नुकताच समुद्रावरून येऊन बंदरात उतरला होता. तो शेवटचा आपला.

अमोघवर्षाचा जन्म इ.स. ८०० च्या सुमाराचा. वडील तिसरे गोविंद उत्तरेच्या मोहिमेवर असताना, गुजरातेतल्या छावणीत. मूळ नाव शर्व. ८१४ मध्ये वडील गेले तेव्हा पोरगा जेमतेम तेरा-चौदा वर्षांचा. गुजरात शाखेचा चुलतभाऊ कर्क त्याचा पालक झाला. लहान राजा बघून मांडलिक उठले, घरातलेही काही फितले, आणि पोराला गादी सोडावी लागली. ८२१ पर्यंत कर्काने त्याला पुन्हा बसवलं. पुढची वीसेक वर्षं वेंगीच्या चालुक्यांशी आणि म्हैसूरकडच्या गंगांशी लढण्यात गेली. गंगांशी भांडण मिटलं ते शेवटी सोयरिकीने: आपली मुलगी चंद्रबलब्बे त्याने गंग राजपुत्र बूतुगाला दिली. दुसरी एक मुलगी कांचीच्या पल्लवांकडे गेली.

लढाया हा काही त्याचा आवडीचा प्रांत नव्हता. त्याचा जीव पुस्तकांत. कन्नडमधला आज उपलब्ध असलेला सर्वात जुना ग्रंथ कविराजमार्ग त्याच्या दरबारातला. त्यात कन्नड मुलूख कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितला आहे, म्हणजे नांदेडच्या घाटापर्यंत! सीमाभागाच्या वादात हे वाक्य कोणी फारसं काढत नाही, ते एक बरंच आहे. प्रश्नोत्तररत्नमालिका हा छोटा संस्कृत ग्रंथही त्याच्या नावावर आहे आणि त्याचं तिबेटी भाषांतर झालेलं आहे.

त्याचे गुरू जैन आचार्य जिनसेन, आदिपुराणाचे कर्ते. शाकटायनाने व्याकरण लिहिलं आणि त्यावरच्या टीकेला राजाचंच नाव दिलं, अमोघवृत्ती. महावीराचार्यांनी ८५० च्या सुमारास गणितसारसंग्रह लिहिला. इकडे हे चालू होतं आणि तिकडे बगदादमध्ये, थोडंसंच आधी, खलीफा मामूनच्या आश्रयाने अल्-ख्वारिज्मी बीजगणिताचा पाया घालत होते. मामून ८१३ मध्ये खलीफा झाले, अमोघवर्ष ८१४ मध्ये राजा. दोघेही ग्रंथप्रेमी, दोघांच्याही दरबारात गणिती. एकमेकांचे ग्रंथ त्यांनी वाचल्याचा पुरावा नाही, पण शून्यासह मोजण्याची हिंदी पद्धत ख्वारिज्मींनी स्वतः ग्रंथात मांडली होती.

जैन धर्माचा दख्खनमधला हा सर्वात भराचा काळ. पण राजा एकाच देवळापुरता उरला नव्हता. प्रजेवर संकट आलं तेव्हा त्याने डाव्या हाताचं बोट कापून महालक्ष्मीला वाहिलं, असं संजानच्या ८७१ च्या ताम्रपटात नोंदलेलं आहे. आपल्याला हे पटणारं नाही, पण प्रजेसाठी स्वतःच्या शरीराला हात घालणारा राजा विरळाच. आणि मुंबईजवळच्या कान्हेरीच्या लेण्यांत, त्याचं अधिपती म्हणून नाव घेऊन कोरलेले बौद्ध दानलेख आहेत. थेट बंगालमधून आलेल्या एका भाविकाने भिक्षूंच्या वस्त्रांसाठी तिथे पैसे ठेवले.

कान्हेरीचा हा शेवटचा उजेड होता. पुढे दान आटत गेलं. १००९ आणि १०२१ मध्ये तिथे आलेले पारशी पाहुणे आपली नावं पहलवी लिपीत कोरून गेलेले दिसतात. विहारात भिक्षूंच्या जागी पर्यटक! बौद्ध धर्म आपल्याकडून कोणी एका दिवसात हाकलला नाही. देणारे हात दुसरीकडे वळले, शिकणारे कमी झाले, लेणी रिकामी पडली.

चीनमध्ये मात्र वेगळं झालं. ८४५ मध्ये तिथल्या सम्राटाने एका फर्मानात साडेचार हजारांहून जास्त विहार बंद केले आणि अडीच लाखांहून जास्त भिक्षू-भिक्षुणींना संसारात ढकललं. ख्रिस्ती आणि अग्निपूजकही त्यात भरडले गेले. आणि आपल्याकडचंही झाकून ठेवायला नको. त्याच मामूनने ८३३ मध्ये कुरआनबद्दल आपलं मत उलेमांवर लादायला चौकशी बसवली. इमाम अहमद बिन हंबल (रह.) झुकले नाहीत. त्यांना बेड्या पडल्या, आणि मामूननंतरच्या खलीफाने त्यांना फटके मारले. आज इमामांचा मजहब जिवंत आहे. खलीफाचं ते मत मानणारे शोधावे लागतात.

अशा काळात, हिजरी २३७ म्हणजे ८५१ मध्ये, सुलेमान नावाच्या व्यापाऱ्याच्या नावाने ओळखला जाणारा अरबी वृत्तांत लिहिला गेला. त्यात जगातले चार थोर राजे सांगितले आहेत: बगदादचा खलीफा, चीनचा बादशहा, रूमचा कैसर आणि हिंदचा बल्हारा. बल्हारा म्हणजे वल्लभराज, राष्ट्रकूटांचं बिरुद. तेव्हा गादीवर अमोघवर्षच होता. बल्हाराचे लोक अरबांवर जीव टाकतात, आणि आपले राजे फार वर्षं जगतात ते याच मायेमुळे असं ते मानतात, असं त्यात लिहिलं आहे. अमोघवर्षाला तोवर गादीवर ३७ वर्षं झाली होती. लोक काहीतरी कारण शोधणारच.

त्याच्या पश्चात, ९१६ च्या सुमारास, मसूदी चौलला आले. आजच्या रायगड जिल्ह्यातल्या त्या बंदरात त्यांना सुमारे दहा हजार मुसलमान आढळले. कोणी सीराफचे, कोणी बसऱ्याचे, कोणी बगदादचे, आणि कितीतरी इथेच जन्मलेले. त्यांचे तंटे सोडवायला राजाने त्यांच्यातलाच प्रमुख नेमलेला होता. बल्हाराच्या मुलखात मशिदी उघड होत्या आणि नमाज बिनधोक चालत होती.

याहून बोलका पुरावा पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडला. ९२६ च्या ताम्रपटात अमोघवर्षाच्या मुलाने, दुसऱ्या कृष्णाने, संजानवर नेमलेला कारभारी ताजिक म्हणजे अरब आहे. नाव मधुमती, हे मुहम्मद नावाचंच संस्कृत रूप असं अभ्यासक सांगतात. या मुसलमान अधिकाऱ्याने खाडीवर फुकट नावा सुरू केल्या, भात, कालवण आणि तूप वाढणारं अन्नछत्र घातलं, आणि एका हिंदू मठाला दिलेल्या जमिनीच्या दानाला पाठबळ दिलं.

यात राजकारण नव्हतं असं आम्ही म्हणणार नाही. उत्तरेचे गुर्जर-प्रतिहार हे राष्ट्रकूटांचे वैरी, आणि सिंधच्या अरबांचेही. अरबी घोडे दख्खनला हवे होते, जकात खजिन्याला हवी होती. पण सोयीपोटी आलेल्या पाहुण्याला लोक दहा-वीस वर्षं सहन करतात, पिढ्यान्पिढ्या घरात घेत नाहीत. कोकणात इस्लाम रुजला तेव्हा त्याच्या पाठीशी एकही फौज नव्हती. होती ती तराजूची दांडी सरळ धरणारी माणसं.

अमोघवर्षाने म्हातारपणी एकापेक्षा जास्त वेळा राज्यकारभार बाजूला ठेवून एकांत धरला. ८७८ च्या सुमारास, ६४ वर्षं राज्य करून, तो गेला. शंभर वर्षांच्या आत सगळं विस्कटलं. ९७२ मध्ये माळव्याच्या परमारांनी मान्यखेट लुटलं, ९७३ मध्ये तैलपाने घराणं संपवलं. राजाश्रय गेला तसा जैन धर्मही आकसत गेला. बाराव्या शतकात उदगीरपासून जवळच असलेल्या कल्याणला बसवेश्वर उभे राहिले आणि सामान्य माणूस मोठ्या संख्येने तिकडे वळला. तरी राजा गेल्यावरही जैनांचे ग्रंथ राहिले, हिशेबाच्या वह्या राहिल्या, पेठेतली पत राहिली. म्हणून ते इथून बौद्धांसारखे पुसले गेले नाहीत. बौद्ध धर्मही परत आला, १९५६ मध्ये, नागपुरात, आणि तो राजाने नव्हे तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांमागे आलेल्या लाखो गरिबांनी आणला.

नांदेड जिल्ह्यातलं कंधार हेही राष्ट्रकूटांचं मोठं नगर. तिथला जगत्तुंग समुद्र हा तलाव त्यांच्याच काळचा. जगत्तुंग हे अमोघवर्षाच्या वडिलांचं बिरुद होतं. हाजी सय्याह सरवर मखदूम (रह.) यांच्या दर्ग्याच्या उरुसाला आपण सगळे कंधारला जातो. पुढच्या वेळी थोडी वाट वाकडी करून मानसपुरीला जा. तिथे राष्ट्रकूट काळातल्या एका प्रचंड मूर्तीचे तुकडे आहेत. एकेक पाऊल माणसाच्या मापात न बसणारं. आम्ही गेलो तेव्हा शेजारी शेळ्या चरत होत्या, आणि राखणाऱ्या पोराला ही मूर्ती कोणाची ते माहीत नव्हतं.