सँ-साँस यांचा अखेरचा सोनाटा

थोर फ्रेंच संगीतकार कामिय सँ-साँस यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८३५ रोजी पॅरिसला झाला. दहाव्या वर्षी त्यांनी पियानोची जाहीर मैफल केली. १८५८ ते १८७७ ते मादलेन चर्चचे ऑर्गनवादक होते. १८७८ मध्ये अवघ्या दीड महिन्यात त्यांची दोन्ही लहान मुले गेली. मान, कीर्ती, प्रवास पुढे पुष्कळ झाले, पण आम्हाला त्यांचे शेवटचे वर्ष, १९२१, अधिक मोलाचे वाटते.

वय ८५. ज्या फुंकवाद्यांना एकलवादनासाठी रचना फार थोड्या, त्यांच्यासाठी लिहायचे त्यांनी मनावर घेतले. ओबो, क्लॅरिनेट आणि बासून यांना पियानोच्या साथीचा एकेक सोनाटा मिळाला.

बासून म्हणजे सनईसारखी दुहेरी पत्ती असलेले, पण खर्जाचे लांब लाकडी वाद्य. त्याची दोन घराणीच म्हणा ना! जर्मन बासून मेपलच्या लाकडाचा. आवाज भरदार, खालपासून वरपर्यंत एकसारखा. फ्रेंच बासून बहुधा रोझवूडचा. आवाज बारीक, किंचित सानुनासिक, माणसाच्या गळ्याजवळचा, आणि वरच्या स्वरांत सहज चढणारा. सँ-साँस यांच्या कानात हाच होता. पॅरिस ऑपेराचे बासूनवादक लेओं लतेलिए यांना त्यांनी हा सोनाटा अर्पण केला. त्यातले सर्वांत उंच स्वर जर्मन वाद्यावर जपूनच घ्यावे लागतात.

१६ डिसेंबर १९२१ रोजी अल्जियर्समध्ये त्यांचे निधन झाले. पुढे फ्रान्समधल्या वाद्यवृंदांतही जर्मन बासून शिरला, आणि हा सोनाटा आज बहुधा त्यावरच ऐकू येतो. फ्रेंच बासूनवरचे ध्वनिमुद्रण मिळाले, तर आमच्या वाचकांनी आधी ते ऐकावे.