आनंदीबाईंचा निरोप

चौदाव्या वर्षी आनंदीबाई जोशी यांचे दहा दिवसांचे बाळ दगावले. आपल्या देशातील स्त्रियांना स्त्री-डॉक्टर मिळाली पाहिजे, हा निश्चय त्यांच्या मनात दृढ झाला. १८८३ साली त्या पतीशिवाय समुद्र ओलांडून अमेरिकेस गेल्या. तेथे रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी त्यांना पोटच्या मुलीप्रमाणे आपल्या घरी ठेवून घेतले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाईंना डॉक्टरची पदवी मिळाली. तेव्हा त्यांना एकविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. या समारंभासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या.

परंतु परक्या हवेत अभ्यास करता करता आनंदीबाईंची प्रकृती ढासळली होती. क्षयाने त्यांना ग्रासले. तरीही कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाचे काम त्यांनी आनंदाने पत्करले होते. ज्या कामासाठी विद्या मिळवली, ते त्यांना स्वदेशी बोलावीत होते. ऑक्टोबर १८८६ मध्ये मावशींचा निरोप घेऊन त्या पती गोपाळराव यांच्यासह न्यूयॉर्कहून आगबोटीने निघाल्या.

कोल्हापूरचे काम मात्र त्यांच्या हातून व्हायचे नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी अमेरिकेस मावशींकडे पाठविल्या. मावशींनी त्या पोकीप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत, स्वतःच्या माणसांशेजारी ठेवल्या.