टॉम सिम्प्सन आणि इतरांची अब्रू

व्यावसायिक सायकलशर्यतींचा विषय निघाला की उत्तेजक द्रव्यांचा उल्लेख आल्यावाचून राहत नाही. फुटबॉल, टेनिस किंवा क्रिकेट यांच्याविषयी बोलताना तो सहसा कोणाच्या ओठांवर येत नाही. हा लोकापवाद कितपत न्याय्य आहे हे तपासावयाचे, तर टॉम सिम्प्सन या सायकलपटूचे आयुष्य डोळ्यांपुढे आणले पाहिजे.

१९३७ साली इंग्लंडच्या डरहॅम परगण्यात एका खाणकामगाराच्या घरी, सहा भावंडांतील धाकटा म्हणून तो जन्मला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्याने सांघिक कांस्यपदक मिळविले. १९५९ मध्ये तो नशीब काढण्यासाठी फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात गेला. १९६२ च्या फ्रान्स प्रदक्षिणेत आघाडीवीराचा पिवळा सदरा अंगावर घालणारा तो पहिला ब्रिटिश ठरला, जरी तो मान त्याच्याकडे एकच दिवस राहिला. १९६५ साली तो जगज्जेता झाला.

परंतु या धंद्यातील कमाई कीर्तीवर नव्हे, चालू वर्षाच्या क्रमांकावर ठरत असे. प्रदक्षिणा संपल्यावर गावोगावी ज्या छोट्या शर्यती होत, त्यांतील बिदागीवर स्वाराचे घर चाले आणि प्रदक्षिणेत मागे पडलेल्याला ती बेताचीच मिळे. १९६६ च्या आरंभी बर्फावर घसरून सिम्प्सनचा पाय मोडला आणि जगज्जेतेपदाचे वर्ष हातचे गेले. १९६७ मध्ये तिशी जवळ आली होती, पोट बिघडले होते, तरी शर्यत सोडणे परवडणारे नव्हते.

१३ जुलै १९६७ रोजी स्वार व्हाँतू पर्वताला भिडले. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट चढणारे स्वार पाहून ज्यांची छाती दडपते, त्यांनी सुमारे १,९०० मीटर उंचीचे, माथ्याकडे झाडाची सावलीही नसलेले हे पांढरे खडकाळ शिखर कल्पनेत आणावे. ऊन भयंकर होते. त्या काळी स्वारांना मोजकेच पाणी मिळे, म्हणून ते वाटेतील दुकानांत घुसून हाती लागेल ते पीत. सिम्प्सनच्या पोटात त्या दिवशी मद्यही गेले होते. माथा दृष्टिपथात आला असता तो कोसळला. लोकांनी त्याला पुन्हा सायकलवर बसविले. थोड्याच अंतरावर तो परत पडला, तो उठलाच नाही. शवचिकित्सेत ॲम्फेटामाइन आणि मद्य आढळले. सदऱ्याच्या खिशात गोळ्यांच्या नळ्या सापडल्या.

फ्रान्समध्ये उत्तेजकांविरुद्धचा कायदा १९६५ पासूनच होता. १९६६ मध्ये तपासणी सुरू होताच स्वारांनी सायकलवरून उतरून निषेध केला होता. सिम्प्सनच्या मृत्यूनंतरची प्रदक्षिणा व्हितेल या औषधी झऱ्यांच्या गावाहून काढून तिला आरोग्याची शर्यत म्हणविण्यात आले. नाव बदलले, धंदा बदलला नाही. १९९८ मध्ये फेस्टिना संघाचे औषधांचे भांडार पकडले ते सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी, क्रीडासंघटनेने नव्हे. लान्स आर्मस्ट्राँगची सात विजेतेपदे गेली ती २०१२ मध्ये. सायकल संघटना स्वभावतः सद्गुणी होती असे कोणी म्हणू नये.

तरी पण स्वाराच्या रक्ताची दीर्घकालीन नोंद ठेवणारी पद्धत २००८ मध्ये आधी सुरू केली ती याच खेळाने. उलट २००६ साली स्पेनमध्ये डॉक्टर फुएंतेस यांच्याकडे रक्ताच्या पिशव्या सापडल्या तेव्हा सायकलपटूंची नावे जगभर छापली गेली. आपल्याकडे इतर खेळांतील मंडळीही येत, असे त्या डॉक्टरांनीच न्यायालयात सांगितले. पण त्यांची नावे गुलदस्तातच राहिली. ज्याने झडती घेऊ दिली तो चोर ठरला आणि ज्याने दार लावून घेतले तो साव!

आपल्या घरचे उदाहरण इंदूरचे आहे. स्नेहलतागंजापासून रामबागेपर्यंतच्या मराठी घरांत सय्यद मुश्ताक अली हे नाव आपल्या माणसाचे म्हणून घेतले जाते. त्यांच्याच नावाच्या क्रिकेट स्पर्धेत २२ फेब्रुवारी २०१९ रोजी मुंबईच्या पृथ्वी शॉ याच्या मूत्राचा नमुना इंदुरात घेण्यात आला आणि त्यात टर्ब्युटालीन हे निषिद्ध द्रव्य निघाले. खोकल्याच्या औषधातून ते नकळत पोटात गेले, हा खुलासा क्रिकेट मंडळाने ग्राह्य धरला. तो खरा असेलही. आमचा रोख त्या तरुणाकडे नाही. परंतु तपासणीची व्यवस्था मंडळाची, सुनावणी मंडळाची, शिक्षाही मंडळाचीच. आठ महिन्यांची बंदी ३० जुलै रोजी जाहीर झाली, ती १६ मार्चपासून लागू धरून. म्हणजे निम्म्याहून अधिक शिक्षा जाहीर होण्यापूर्वीच भोगून झाली होती. देशातील मल्ल आणि धावपटू राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेपुढे उभे राहत असताना जगातील सर्वांत धनाढ्य क्रिकेट मंडळ तिला वर्षानुवर्षे दूर ठेवीत आले होते. केंद्र सरकारशी बरीच ओढाताण झाल्यावर, ऑगस्ट २०१९ मध्ये, त्याने तिची तपासणी मान्य केली.